गवती चहातलं सोनं

सोन्याचे कण काही नॅनोमीटरपर्यंत, म्हणजे मिलिमीटरच्या काही दशलक्षांश भागाइतके बारीक झाले की द्रावण लालभडक दिसतं. चांदीचं पिवळं. प्रकाश पडताच कणांतले इलेक्ट्रॉन एकत्र डोलतात आणि ठरावीक रंग शोषतात. कणाचा आकार बदलला की रंगही बदलतो.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री यांनी असे कण बनवण्याचं काम बुरशीकडे सोपवलं. सहकाऱ्यांसह त्यांनी दाखवलं, की फ्युजेरियम ही बुरशी चांदीच्या क्षारांपासून थेट नॅनोकण घडवते. मग पाळी वनस्पतींची. २००४ साली ‘नेचर मटेरियल्स’मध्ये त्यांच्या गटाचा गवती चहावरचा निबंध आला. हो, आपल्या परसातलाच! पानांच्या अर्कात सोन्याचा क्षार मिसळला, की साध्या तापमानाला सोन्याचे चपटे त्रिकोण तयार होतात आणि ते अवरक्त किरण शोषतात. त्याआधी, २००२ मध्ये, शास्त्रींना भटनागर पुरस्कार मिळाला होता. पुढे ते टाटा केमिकल्सच्या पुण्यातील संशोधन केंद्रात गेले. २००९ मध्ये आलेल्या ‘टाटा स्वच्छ’ या जलशुद्धीकरण यंत्रात भाताच्या तुसाच्या राखेवर चांदीचे नॅनोकण होते. चांदी जिवाणू मारते.

नंतर जगभर दिसेल त्या पानाचा अर्क काढून निबंध लिहिण्याची लाटच आली. त्यातलं बरंचसं पुनरावृत्तीच वाटतं. खरी अडचण कण बनवण्यात नसून हव्या त्या मापाचे, एकसारखे कण मिळवण्यात आहे.