स्पॅनिशच्या वहीतील तिसरा रकाना

इंग्रजी म्हणजे जगाची किल्ली, असे आपल्या घरांतून मुलांना इतक्या वेळा सांगितले जाते की, दुसरी एखादी परकी भाषा शिकायची झाली तरी ती इंग्रजीच्याच दारातून, हे आपण गृहीत धरून चालतो. हल्ली कोल्हापुरातही स्पॅनिश शिकू पाहणारी मुलेमुली भेटतात. कोणाला परदेशी शिक्षण खुणावते, कोणाला भाषांतराचे काम, कोणाला नुसतीच हौस. पन्नास कोटींच्या आसपास माणसांची ही मातृभाषा आणि वीस देशांची राजभाषा. तेव्हा हौस काही वाईट नाही.

शिकण्याची रीत मात्र बहुतेकांची एकच. वहीत किंवा मोबाइलवर दोन रकाने: डावीकडे स्पॅनिश शब्द, उजवीकडे इंग्रजी अर्थ, आणि खाली नमुन्याचे एखादे वाक्य.

राजारामपुरीतील आमच्या ओळखीच्या एका मुलीने अशीच जाडजूड वही केली होती. शाळा मराठी माध्यमाची. दोन महिन्यांत वही कपाटात गेली. "माझं इंग्रजीच कच्चं, मला कसली स्पॅनिश येणार?" असे तिचे म्हणणे, आणि तिच्या आईलाही ते पटलेले! वही मागून घेऊन चाळली, तेव्हा निराळेच काही दिसले.

एका पानावर वाक्य होते, "मे गुस्ता एल मांगो". शेजारी इंग्रजीत, "आय लाइक द मँगो". आता इंग्रजी वाक्याचा कर्ता 'मी'. स्पॅनिश वाक्यात हा 'मी' शोधू गेले तर सापडत नाही, कारण तो तेथे नाहीच. 'मे' म्हणजे 'मला'. मला आवडतो आंबा! आंबे अनेक झाले की, "मे गुस्तान लोस मांगोस". आपल्याकडेही 'आवडतो'चे 'आवडतात' होते. क्रियापद आंब्याच्या मागे जाते, खाणाऱ्याच्या नव्हे. जे मराठी मुलाला बाळपणापासून ठाऊक आहे, ते इंग्रजीच्या आडवाटेने गेल्यामुळे अवघड होऊन बसले होते.

पुढे 'तोमार' हे क्रियापद. इंग्रजी अर्थ दोन दिलेले, घेणे आणि पिणे, आणि मुलीने त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलेले. अहो, आपण पाहुण्याला "चहा पिणार का?" असे कितीदा विचारतो? "चहा घेणार ना?" असेच म्हणतो. स्पॅनिश माणूसही कॉफी 'घेतो'.

"कोमो एस्तास?" आणि "कोमो एस्ता उस्तेद?" या दोन्ही वाक्यांपुढे इंग्रजीत एकच अर्थ होता. त्या बिचाऱ्या भाषेत धाकट्या भावाला आणि सासऱ्यांना एकाच सर्वनामात बसावे लागते. मराठीत लिहिले असते तर "तू कसा आहेस?" आणि "आपण कसे आहात?" हा भेद एका क्षणात कळला असता.

लिंगांचेही तसेच. खुर्ची स्त्रीलिंगी का, असा प्रश्न इंग्रजास पडतो; आपल्याला पडत नाही. मात्र लिंगे दर वेळी जुळतील असे नाही. चंद्र तिकडे 'ला लूना', स्त्रीलिंगी. म्हणजे आपल्या चांदोमामाची तेथे मावशी होते.

शब्दांच्या बाबतीत तर एक जुना आडमार्ग आपल्या कामी येतो. गोवा पोर्तुगीजांनी १५१० साली घेतले, आणि त्यांचे कितीतरी शब्द मराठी घरांत शिरले. पोर्तुगीज आणि स्पॅनिश या तर सख्ख्या बहिणी. म्हणून आपली बादली तिकडे 'बाल्दे', बिजागरी 'बिसाग्रा', पाव 'पान', आणि पाद्री 'पाद्रे'. पहिल्या तारखेला ज्याची वाट पाहायची तो पगार म्हणजे 'पागार', पैसे देणे.

इंग्रजीची मदत होत नाही असे नव्हे. 'नासिओन', 'ओस्पिताल', 'इंपोर्तांते' हे शब्द तिच्यामुळेच चटकन ओळखू येतात. पण तीच फसवतेही. 'रोपा' म्हणजे दोर नव्हे, कपडे. 'एक्सितो' म्हणजे बाहेरची वाट नव्हे, यश. आणि ओशाळलेली बाई 'मी एंबारासादा आहे' म्हणाली, तर ऐकणारे तिचे अभिनंदन करतील. कारण त्याचा अर्थ, दिवस गेले आहेत!

कोल्हापूरला ही सरळ वाट नवी वाटू नये. येथील राजाराम कॉलेजात फारसी शिकविणारे माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, यांचा फारसी-मराठी कोश १९२५ साली निघाला. फारसी शब्दाला थेट मराठी अर्थ. उमर खय्यामच्या रुबाया त्यांनी मूळ फारसीवरून मराठीत आणल्या, आणि फिट्झजेराल्डच्या इंग्रजी अवतारावरून 'द्राक्षकन्या' हे पुस्तक वेगळे केले. दोन्ही वाटा चालून पाहिलेला हा विद्वान. मूळ आणि इंग्रजी यांची गल्लत त्याने होऊ दिली नाही.

त्या मुलीच्या वहीत आता तिसरा रकाना आला आहे. नमुन्याचे वाक्य आधी मराठीत, मग लागलाच तर इंग्रजी अर्थ. तिची आई संध्याकाळी शब्द विचारते. तिला तर इंग्रजी मुळीच येत नाही.

एक सूचना तेवढी द्यावयास हवी. स्पेनच्या बाजारात 'बटाटा' मागाल तर पिशवीत रताळी पडतील. बटाट्याला तिकडे 'पाताता' म्हणतात. एकादशी असेल तर काही बिघडत नाही, दोन्ही चालतात.