रिकामी जागा भरतं कोण?

टेम्प्लेटमधला प्लेसहोल्डर म्हणजे रिकामी जागा, तिथं हवा तो मजकूर घातला की काम झालं, असं बहुतेकांना वाटतं. पण ती जागा कोण भरतं आणि कधी भरतं, हे पाहिल्याशिवाय पुढं जाऊ नये.

गैरसमज : एफ-स्ट्रिंगने बांधलेली एसक्यूएल क्वेरी आणि प्लेसहोल्डर असलेली क्वेरी यांत फरक फक्त लिहिण्याचा.

वस्तुस्थिती : पायथन 3.6 मध्ये, 2016 साली आलेली एफ-स्ट्रिंग सगळा मजकूर आधीच जोडून टाकते. मग त्यात आज्ञा कुठली आणि फॉर्ममध्ये भरलेलं नाव कुठलं, हे डेटाबेसला कळायला मार्गच उरत नाही. गोव्यातलं डिसोझा हे आडनाव घ्या. रोमन लिपीत त्यातल्या 'डी'नंतर बहुधा ॲपॉस्ट्रॉफी देतात आणि एसक्यूएलमध्ये नेमक्या त्याच चिन्हाने मजकूर संपतो. म्हणजे सरळमार्गी माणसाच्या आडनावानेही क्वेरी मोडते, आणि वाईट हेतूचा माणूस त्या चिन्हापुढं स्वतःची आज्ञा जोडतो. एसक्यूलाइटमध्ये क्वेरीत प्रश्नचिन्ह ठेवून नाव वेगळं पाठवलं, तर ते फक्त नावच राहतं. त्या प्रश्नचिन्हाभोवती अवतरणचिन्हं मात्र घालू नयेत. घातली तर तो प्लेसहोल्डर उरत नाही. टेबलाचं नावही असं भरता येत नाही. ते आपण ठरवलेल्या यादीतूनच घ्यावं.

गैरसमज : भाषा बदलली की टेम्प्लेटमधले शब्द तेवढे बदलायचे.

वस्तुस्थिती : प्लेसहोल्डरला 'हून' चिकटवलं की पडद्यावर 'पुणेहून' उमटतं. मराठी माणूस 'पुण्याहून' म्हणतो. सामान्यरूप टेम्प्लेटला कळत नाही. त्यापेक्षा 'कुठून : पुणे' अशी मांडणी बरी.

गैरसमज : लॉगमध्ये लिहिलेल्या मजकुराने काय बिघडणार?

वस्तुस्थिती : डिसेंबर 2021 मध्ये उघड झालेल्या लॉगफोरशेल या सुरक्षा-त्रुटीने याचं उत्तर दिलं. जावाची लॉगफोरजे ही लायब्ररी प्लेसहोल्डरमध्ये भरलेला मजकूरही पुन्हा वाचायची. त्यात डॉलर आणि महिरपी कंसातली सूचना सापडली, तर ती पाळायची आणि सूचना तशी असेल तर बाहेरच्या सर्व्हरशीही संपर्क साधायची. त्यातून हल्लेखोराला आपला कोड चालवता येत असे. प्रोग्रॅमरने टेम्प्लेट नीट लिहिलेलं असूनही हे घडत होतं.

पायथनच्या फॉर्मॅट मेथडलाही परक्याचं टेम्प्लेट दिलं, तर त्यातल्या कंसांतून ऑब्जेक्टच्या आतली माहिती बाहेर काढता येते. म्हणून टेम्प्लेट नेहमी स्वतः लिहा. वापरणाऱ्याकडून आलेला मजकूर टेम्प्लेट म्हणून कधीही चालवू नका.