गणपतीपुळ्याला जाताय? मालगुंड सहलीच्या शेवटी नको, सुरुवातीला ठेवा

गणपतीपुळ्याला दर्शन, किनाऱ्यावर फोटो, मोदक आणि परत. रत्नागिरीत येणाऱ्या अनेक ग्रुपचा दिवस असाच संपतो. तिथून अवघ्या दोन-तीन किलोमीटरवर मालगुंड आहे, आधुनिक मराठी कवितेचे जनक मानले जाणाऱ्या केशवसुतांचे गाव. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या यादीत ते असतेही, पण शेवटच्या ओळीत. मग उशीर होतो, मुले कंटाळतात, ड्रायव्हर घाई करतो आणि स्मारक गाडीच्या खिडकीतूनच ‘बघून’ होते.

तिथे आहे काय?

कृष्णाजी केशव दामले ऊर्फ केशवसुत यांचा जन्म १८६६ मध्ये मालगुंडचा. १९०५ मध्ये हुबळीत त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांनी वयाची चाळिशीही गाठली नव्हती. त्यांचा कवितासंग्रह निघाला तो मृत्यूनंतरच. कोकण मराठी साहित्य परिषदेच्या पुढाकाराने त्यांच्या घराचे स्मारक झाले आणि १९९४ मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. साधे कोकणी घर, आवारात कविता कोरलेल्या शिळा आणि ग्रंथालय.

नुसते फिरायचे म्हटले तर वीस मिनिटांत सगळे बघून होते. ‘एवढ्यासाठी आलो?’ हा प्रश्न इथेच येतो. त्यावर सोपा उपाय आहे. आठवडाभर आधी ग्रुपवर पाच-सहा कविता टाका आणि कोण कोणती वाचणार ते ठरवा. ‘तुतारी’ अनेकांनी शाळेत ऐकलेली असते, तिच्यापासून सुरुवात करा. केशवसुतांच्या कविता आता कॉपीराइटमुक्त असल्याने प्रिंट काढून वाटायलाही अडचण नाही. प्रिंटच काढा, ऐनवेळी नेटवर्कच्या भरवशावर राहू नका. वाचनासाठी तासभर राखून ठेवा आणि आवारात बसायचे तर आधी परवानगी घ्या.

दिवस कसा बसवायचा?

रत्नागिरीतून सकाळी आठला निघा. आरे-वारेचा किनाऱ्याचा रस्ता सुमारे २५ किलोमीटरचा, पण वळणांचा आणि अरुंद. टेम्पो ट्रॅव्हलर आरामात जातो. मोठी बस असेल तर निवळीमार्गे जाणे बरे, अंतर वाढते तेवढे धरून चाला. आधी मालगुंड, मग देऊळ, मग जेवण. घरगुती खानावळीत वीस पाने अचानक वाढली जात नाहीत, त्यामुळे आकडा आदल्या दिवशी कळवा. गणपतीपुळ्याचा समुद्र पोहण्यासाठी धोक्याचा आहे, हे ग्रुपमधल्या उत्साही मंडळींना गाडीतच सांगितलेले बरे.

परतताना रत्नागिरीच्या टिळक आळीत लोकमान्यांचे जन्मस्थान आहे. ‘गीतारहस्य’ लिहिणारे टिळक साहित्य सहलीत बसतातच. मात्र दोन्ही ठिकाणच्या वेळा आणि सुट्टीचा वार निघण्याआधी फोन करून विचारा, गुगलवरची वेळ चुकीची असू शकते. यापुढे तिसरे स्मारक घुसवू नका. दिवस पुरत नाही.

राहिला पैशांचा विषय. गाडीचे भाडे माणसे कमी झाली म्हणून कमी होत नाही. ‘येतो’ म्हणणाऱ्या २० जणांपैकी चार-पाच जण आदल्या रात्री गळतात आणि त्यांचा वाटा बाकीच्यांच्या माथी येतो. म्हणून गाडी ठरवण्याआधीच प्रत्येकाचे पैसे यूपीआयवर जमा करून घ्या.