पाऊणशे वर्षांचा तात्पुरता मुक्काम

उल्हासनगरात कुणाचे घर शोधायचे असेल तर पेठ, आळी, वाडा असल्या खुणांचा फारसा उपयोग होत नाही. इथले पत्ते आकड्यांचे. कॅम्प नंबर, सेक्शन नंबर, बराक नंबर आणि खोली नंबर. बराक केव्हाच जमीनदोस्त झालेली असते. तिच्या जागी चार-पाच मजली इमारत असते, खाली कापडाचे दुकान, वर शिलाईची यंत्रे आणि त्याच्याही वर राहती घरे. तरी लग्नपत्रिकेवर आणि रेशनकार्डावर बराकीचा नंबर कायम असतो. टपाल खात्यानेही ही वाटणी मान्य केली. उल्हासनगर एक ते पाच यांचे पिनकोड ४२१००१ ते ४२१००५ असे ओळीने लागतात. आणि कल्याणची जुनी माणसे खरेदीला निघाली की अजूनही म्हणतात, ‘जरा कॅम्पात जाऊन येतो.’

छावणी ही उठण्यासाठीच टाकलेली असते. सैन्य येते, मुक्काम करते, हुकूम आला की निघून जाते. मग २०११ च्या जनगणनेत पाच लाख सहा हजार वस्ती भरलेले हे शहर अजून कॅम्प का म्हणवते? ही केवळ बोलण्याची सवय आहे असे मला वाटत नाही. सैन्य गेले, पण तात्पुरतेपणा मागे राहिला. तो इथल्या घरांत, कागदपत्रांत आणि माणसांच्या मनात मुरलेला आहे.

दोन रुळांच्या बेचक्यात

मुंबईहून निघालेली रेल्वे १८५४ साली कल्याणला पोहोचली. इथून पुढे रूळ फुटतात. एक फाटा कसाऱ्याकडे, दुसरा कर्जतकडे. पहिल्या फाट्यावर शहाड, दुसऱ्यावर विठ्ठलवाडी आणि पुढे अंबरनाथ. या दोन फाट्यांच्या बेचक्यात उल्हास आणि वालधुनी या नद्यांच्या आसऱ्याने मोकळी जमीन पसरली होती. प्रदेश जुनाच. वालधुनीच्या काठी अंबरनाथला शिलाहारांच्या काळातले शिवमंदिर आहे आणि त्याचा शिलालेख १०६० सालचा आहे. मात्र या बेचक्यात मोठे गाव असे नव्हते.

दुसऱ्या महायुद्धात मुंबई बंदरातून सैन्याची मोठी ये-जा सुरू झाली. उतरलेल्या पलटणी कुठे ठेवायच्या, बोटीची वाट पाहणाऱ्यांना कुठे थांबवायचे, हा प्रश्न होता. बंदरापासून जवळ, पण शहराबाहेर. रेल्वेच्या दोन्ही वाटा हाताशी आणि पाणी मुबलक. अशी ही जागा लष्कराने हेरली. सहा हजार सैनिक आणि तीस हजार इतर माणसांची सोय होईल अशी ‘कल्याण कॅम्प’ ही छावणी उभी राहिली. २,१२६ बराकी आणि १,१७३ घरे अशी तिची मोजदाद सांगितली जाते. लांबलचक बराकी, उतरती छपरे, सरळ रस्ते आणि पाच विभाग. १९४५ मध्ये युद्ध संपले आणि एवढा पसारा रिकामा पडला.

सिंधमधून आलेली माणसे

फाळणीत पंजाब आणि बंगाल यांचे दोन-दोन तुकडे झाले. सिंध मात्र अखंडच पाकिस्तानात गेला. याचा अर्थ आपल्या लक्षात चटकन येत नाही. पंजाबी निर्वासिताला भारतात निदान पंजाब नावाचा प्रांत मिळाला. भाषा कानावर पडत होती, देवस्थाने ओळखीची होती. सिंधी माणसाला ‘आपला’ म्हणावा असा एक जिल्हासुद्धा या देशात उरला नाही. पुढे १९६७ मध्ये त्याच्या भाषेला घटनेच्या आठव्या परिशिष्टात जागा मिळाली. नकाशावर मात्र ती मिळणार नव्हती.

जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाली आणि थांबू पाहणाऱ्यांचाही धीर सुटला. माणसे बोटींनी मुंबईला उतरू लागली, काही ओखा आणि पोरबंदरला, काही रेल्वेने राजस्थानमार्गे. मुंबई इलाख्याच्या सरकारपुढे राहण्याच्या जागेचा प्रश्न होता आणि युद्धकाळातल्या छावण्या रिकाम्या होत्या. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे युद्धाच्या काळात पोलंडच्या निर्वासितांना ठेवले होते. ते गेल्यावर तिथे सिंधी आले आणि त्याचे गांधीनगर झाले. पुण्याजवळ पिंपरीला असाच कॅम्प झाला. सर्वांत मोठा लोंढा कल्याण कॅम्पात आला. जेमतेम दीड-दोन वर्षांत इथली वस्ती लाखाच्या घरात गेली.

एका बराकीत किती कुटुंबे राहिली असतील याचा हिशेब सैनिकी नकाशात नव्हता. भिंती नव्हत्या म्हणून गोणपाटाचे आणि जुन्या साड्यांचे पडदे टांगले गेले. एका पडद्याआड बाळंतीण, दुसऱ्याआड आजारी म्हातारा आणि तिसऱ्याआड नवे लग्न झालेले जोडपे. नळ सामाईक, संडास सामाईक. सिंधमध्ये ज्यांची हवेली होती तेही याच रांगेत आणि ज्यांचे काहीच नव्हते तेही याच रांगेत.

८ ऑगस्ट १९४९ रोजी तेव्हाचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची कोनशिला बसली आणि नदीवरून गावाचे नाव उल्हासनगर ठेवले गेले. सर्वस्व गमावून आलेल्या माणसांच्या गावाला ‘उल्हास’ हे नाव मिळाले, हा योगायोग मला नेहमी विचारात पाडतो.

पापडापासून जीन्सपर्यंत

सरकारी शिधा फार दिवस पुरणारा नव्हता. बायकांनी बराकीच्या दारात पापड लाटायला घेतले आणि पुरुषांनी ते लोकलच्या डब्यात विकायला नेले. पोरे गोळ्या-बिस्किटे, कंगवे, बुटाच्या नाड्या विकत. फळ्या ठोकून दुकाने झाली. शहाडला सेंच्युरी रेयॉनचा कारखाना आला, अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आली. पण कॅम्पाचा जीव नोकरीत कधीच रमला नाही. तो धंद्यातच रमला. पुढे फर्निचरचा बाजार झाला, कापडाचा गजानन मार्केट झाला, मिठाईची आणि सुक्या मेव्याची दुकाने झाली. मग जीन्स आली. कापड गुजरातचे, कारागीर उत्तर प्रदेश-बिहारचे, भांडवल आणि बाजाराची नाडी कॅम्पाची. कटिंग एका गल्लीत, शिलाई दुसऱ्या गल्लीत, धुलाई तिसरीकडे. मुंबईच्या फुटपाथपासून दूरच्या जिल्ह्यांच्या बाजारपेठांपर्यंत हा माल गेला.

‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद तुम्हीही ऐकला असेल. नकली मालाचा शिक्का या गावावर बसला आणि तो सगळाच खोटा होता असे म्हणता येणार नाही. पण कुठलीही वस्तू उघडून, तिचे सुटे भाग पाहून, तशीच निम्म्या किमतीत करून देणारा हात हा कसबी हात असतो, हे त्या विनोदात कोणी सांगत नाही.

या भरभराटीची किंमत वालधुनीने मोजली. आसपासच्या कारखान्यांचे आणि जीन्स धुलाईचे पाणी नदीत गेले. नोव्हेंबर २०१४ मध्ये नदीत घातक रसायन ओतले गेल्यावर काठावरच्या शेकडो लोकांना श्वासाच्या त्रासाने रुग्णालयात न्यावे लागले. ज्या पाण्यासाठी लष्कराने ही जागा निवडली, ते पाणी आपण आपल्या डोळ्यांदेखत असे करून ठेवले.

कागदाची गोष्ट

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बँकेच्या नोकरीत काही वर्षे माझा या शहराशी रोजचा संबंध आला. कर्जाचे अर्ज माझ्या टेबलावरून जात. कॅम्प तीनमधले एक गृहस्थ रिळावर दोरा भरण्याचा धंदा करीत. हिशेब चोख, उधारी वेळेवर फेडलेली, बाजारात नाव. त्यांना आणखी यंत्रे घ्यायची होती आणि तारण म्हणून घर द्यायचे होते. त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढले. बराकीतल्या खोलीच्या वाटपाची जुनी चिठ्ठी, वीजबिले, घरपट्टीच्या पावत्या. वकिलांचा अभिप्राय आला की मालकी सिद्ध होत नाही, सबब तारण घेता येत नाही.

मी त्यांना ते सांगितले तेव्हा ते रागावले नाहीत. म्हणाले, ‘‘साईं, सरकारने हात धरून या खोलीत बसवले. सरकारच पट्टी घेते. आता सरकारचीच बँक विचारते, खोली कुणाची?’’ माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्यांना यंत्रांच्या तारणावर थोडे कर्ज मिळाले, उरलेले त्यांनी नात्यागोत्यातून उभे केले.

त्या उरलेल्या रकमेत या शहराचा खरा इतिहास आहे. सिंधमधल्या शिकारपूरच्या सराफांच्या हुंड्या एके काळी थेट मध्य आशियात बुखाऱ्यापर्यंत वटत. ती जमीन गेली, पेढ्या गेल्या, पण शब्दावर पैसा देण्या-घेण्याची रीत माणसांबरोबर आली. ज्या गावात कागद पुरेसा नव्हता तिथे ओळख हेच तारण झाले. बिशी, हातउसने, व्यापाऱ्याची उधारी यांवर कारखाने चालले. बँकेचा माणूस म्हणून सांगतो, आमच्याकडच्या नोंदणीकृत गहाणखतांपेक्षा त्या शब्दांची वसुली पुष्कळदा चांगली असे.

निर्वासितांना जागांचे हक्क मिळालेच नाहीत असे नव्हे. १९५४ च्या भरपाई व पुनर्वसन कायद्याखाली पुष्कळांना सनदा मिळाल्या. पण कुणाला मिळाल्या, कुणाच्या अर्धवट राहिल्या, कुणी खोली विकून गेला आणि विकत घेणाऱ्याकडे साध्या करारापलीकडे काही आले नाही. बराकींमधल्या मोकळ्या जागा कुणाच्या हे तर कोणी ठरवलेच नाही. कुटुंबे वाढली तशी खोली पुढे सरकली, मग वर गेली. रीतसर नकाशा मंजूर करायचा तर मालकी दाखवावी लागे. ती दाखवता येईना म्हणून लोक मंजुरीवाचूनच बांधू लागले. ज्यांना धंदाच करायचा होता त्या बिल्डरांनी आणि त्यांच्याकडे काणाडोळा करणाऱ्या अधिकाऱ्यांनी, पुढाऱ्यांनी या अडचणीचे सोने केले. जेमतेम साडेतेरा चौरस किलोमीटरच्या या गावाची १९९६ मध्ये महानगरपालिका झाली, तेव्हा गाव असे उंच होत चालले होते.

या शतकाच्या सुरुवातीला ८५५ बेकायदा इमारतींचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. पाडकाम सुरू झाले, लोक रस्त्यावर आले. अखेर २००६ मध्ये विधिमंडळाने खास उल्हासनगरसाठी बांधकामे नियमित करण्याचा वेगळा कायदा केला. एका शहरासाठी वेगळा कायदा करावा लागणे हीच केवढी कबुली! पण नियमित करण्याचे काम रखडत चालले आणि इमारती थांबल्या नाहीत, त्या म्हाताऱ्या होत गेल्या. मे २०२१ मध्ये पंधरा दिवसांच्या आत नव्वदीच्या दशकातल्या दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. दहाहून अधिक माणसे दगावली. ती स्वतःच्या घरात बसलेली होती.

अशा इमारतीत राहणाऱ्याची कोंडी समजून घ्या. इमारत धोकादायक आहे हे त्याला कळते. ती पाडून नवी बांधायची तर मालकीचा कागद हवा, मंजुरी हवी, कर्ज हवे. कागद नाही म्हणून मंजुरी नाही, मंजुरी नाही म्हणून कर्ज नाही. म्हणून तो तडे गेलेल्या छताखाली झोपतो.

दुसरी बाजू

या गोष्टीला आणखी एक बाजू आहे आणि ती सांगितल्यावाचून हिशेब पुरा होणार नाही. छावणीपासून काही मैलांवर, नेवाळीच्या परिसरात युद्धकाळात विमानांसाठी धावपट्टी केली गेली. त्यासाठी आजूबाजूच्या गावांतली शेतजमीन घेतली गेली. युद्ध संपल्यावर जमीन परत मिळेल असे शेतकरी धरून चालले आणि पिढ्यान् पिढ्या ती कसत राहिले. सरकारदप्तरी ती संरक्षण खात्याची राहिली. जून २०१७ मध्ये तिथे कुंपणाची भिंत घालण्याचे काम सुरू झाल्यावर आंदोलन पेटले, गाड्या जळल्या, माणसे जखमी झाली.

सिंधी दुकानदार आणि आगरी शेतकरी यांचे एरवी फारसे पटते असे नाही. बाहेरून येऊन पोट भरणारे आणि गाव विकून खाणारे, अशी दोन्हीकडे एकमेकांबद्दलची बोलणी आहेत. पण दोघांचे दुःख एका जातीचे आहे. एकाची जमीन ‘तात्पुरती’ घेतली गेली, दुसऱ्याला घर ‘तात्पुरते’ दिले गेले. युद्ध आणि फाळणी या दोन मोठ्या घटना संपून गेल्या आणि त्यांची किरकोळ देणी या दोघांच्या नावावर राहिली.

आता बराकीत जन्मलेली पिढीही सत्तरी ओलांडते आहे. नातवंडे कॅनडाला आणि दुबईला आहेत, काही ठाण्यात आणि पुण्यात. श्रावणाच्या सुमारास झूलेलालचा चाळीस दिवसांचा चालिहो सुरू झाला की कॅम्प पाचमधल्या मंदिराकडे गर्दी लोटते, आणि गर्दीतली पोरे आपसात मराठी-हिंदीच बोलतात. आजीची सिंधी त्यांना समजते, बोलता येत नाही. ती परतायच्या तयारीने इथे राहिलेली नाहीत. हेच त्यांचे गाव आहे.

तेव्हा आता तरी मुक्काम कायमचा आहे असे समजून कामे व्हावीत. प्रत्येक जुन्या इमारतीची तपासणी, रखडलेल्या सनदांचा निकाल, सध्याच्या रहिवाशाचे नाव उताऱ्यावर आणि नेवाळीच्या शेतकऱ्याला त्याच्या जमिनीबद्दल एकदाचे स्पष्ट उत्तर. यात कठीण असे काही नाही. तलाठ्याचे, भूमापकाचे आणि अभियंत्याचे रोजचे काम आहे. १९४९ साली सरकारने मोठ्या समारंभाने कोनशिला बसवली. तिच्यावर उभ्या राहिलेल्या घरांचा उतारा देणे तेवढे बाकी आहे.