मैदानावरची शिवी कुणाला लागते?

क्रिकेटला बॅट लागते, स्टंप लागतात, पॅड लागतात. फुटबॉलला एक चेंडू पुरतो. म्हणून आमच्या परभणीच्या वस्तीतली पोरे संध्याकाळी काळ्या मातीच्या पटांगणावर फुटबॉल खेळू लागली, तेव्हा आम्हा चार-दोन कार्यकर्त्यांना आनंदच झाला. कुणाचा बाप मोंढ्यात हमाली करतो, कुणाचा रिक्षा चालवतो. ही पोरे पानटपरीवरून उठून मैदानात आली, हे काही थोडे नव्हे. दोन वर्षांपूर्वी भीमजयंतीच्या आठवड्यात आम्ही शेजारच्या वस्तीबरोबर त्यांचा सामना ठेवला. त्या सामन्याची हकिकत सांगितल्याशिवाय पुढचे बोलता येणार नाही.

सामना बरोबरीत होता. शेवटी शेवटी आमच्या गोलरक्षकाच्या हातून चेंडू निसटला आणि गोल झाला. पोरगा अवघा चौदा वर्षांचा. कडेला उभ्या असलेल्या आमच्याच मोठ्या माणसांनी त्याला आईवरून शिव्या घातल्या. मग पंचाची पाळी आली. पंच म्हणून उभा राहिलेला तरुण शिट्टी आमच्या हातात देऊन निघून गेला. आम्ही कुणाला अडवले नाही. काही जण तर हसले. आम्हीही त्या हसणाऱ्यांत होतो, हे लपवून उपयोग नाही.

त्यानंतर तो पोरगा मैदानावर येईना. आम्ही घरी गेलो. त्याची आई मोंढ्यात शेंगा निवडायला जाते. ती म्हणाली, "दादा, बॉल सुटला लेकराचा. त्यात म्या काय केलं व्हतं?"

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. शिवी दिली पोराला, पण लागली कुणाला? जी माउली त्या वेळी मैदानावर नव्हतीच, तिला. आपल्याकडची प्रत्येक शिवी फिरून फिरून बाईच्याच अंगावर जाते. जयंतीच्या मिरवणुकीत आपण माता रमाईंचा जयजयकार करतो आणि त्याच आठवड्यात मैदानावर दुसऱ्याच्या आईचा उद्धार करतो. हे कसे चालेल?

अपमान आपल्याला नवा नाही

खेळाच्या मैदानावरचा अपमान काय असतो, हे आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको. बाळू पालवणकर हे चर्मकार समाजातले थोर गोलंदाज. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात खेळपट्टीची देखभाल करता करता ते घडले. हिंदूंच्या संघाला त्यांची गोलंदाजी हवी होती, पण चहाच्या वेळी त्यांना पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना त्याच हिंदू संघाचे कर्णधारपद मिळायला १९२३ साल उजाडावे लागले. ज्यांच्या वाडवडिलांनी माणूस म्हणून मान मिळावा यासाठी आयुष्य झिजवले, त्यांनी समोरच्या संघातल्या पोराला किंवा पंचाला कस्पटासमान लेखावे, ही लाजेची गोष्ट आहे. समोरचा संघ आपला वैरी नसतो. तो आला नाही तर सामनाच होत नाही.

"खेळात एवढे तेवढे चालायचेच," असे काही जण म्हणतात. एवढ्या तेवढ्याचे काय होते, ते पाहा. १६ ऑगस्ट १९८० रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा सामना होता. मैदानावर खेळाडूंची चकमक झाली, ती प्रेक्षकांत पसरली आणि चेंगराचेंगरीत १६ माणसे मेली. आपल्या कोल्हापुरातही तालमींच्या संघांची ईर्षा हाणामारीपर्यंत गेल्याचे आपण वर्तमानपत्रांतून वाचतो. कोलंबिया देशाचा आंद्रेस एस्कोबार याच्याकडून १९९४ च्या विश्वचषकात चेंडू आपल्याच गोलात गेला. त्यानंतर १० दिवसांनी त्याच्याच मेदेयीन शहरात त्याला गोळ्या घालून ठार मारण्यात आले. वय २७ वर्षे. चूक एवढीच, की पाय चुकला. आमच्या पोराचा हात चुकला होता.

पिवळे आणि लाल कार्ड विश्वचषकात १९७० साली आले. त्यामुळे खेळाडूंना थोडा धाक बसला. पण कार्ड खेळाडूला दाखवता येते. कडेला उभे राहून ओरडणाऱ्या काकाला कोणते कार्ड दाखवणार? तेथे दुसराच उपाय हवा.

मेदेयीनची युक्ती, नागपूरचे काम

तो उपाय एस्कोबारच्या गावातूनच निघाला. त्याच्या खुनानंतर मेदेयीनमध्ये काही मंडळींनी टोळ्यांत अडकलेल्या पोरांसाठी वेगळा फुटबॉल सुरू केला. मुले-मुली एकत्र खेळतील, आणि पहिला गोल मुलीने केल्याशिवाय पुढचे गोल धरायचे नाहीत. पुढे त्यातून तीन भागांचा खेळ तयार झाला. पहिल्या भागात दोन्ही संघ एकत्र बसून नियम ठरवतात. दुसऱ्या भागात सामना, तोही पंचाशिवाय. तिसऱ्या भागात पुन्हा एकत्र बसून कोण नियमाने वागले, कोण नाही, याची चर्चा करतात आणि चांगल्या वागणुकीचे गुण देतात. हे गुण गोलांच्या गुणांत मिळवले जातात. म्हणजे गोल जास्त करूनही सामना हरता येतो!

हे परदेशचे कौतुक झाले असे कुणी म्हणू नये. आपल्या नागपुरातही हे काम चालते. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली झोपडपट्टीतली पोरे पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना पाहिली आणि त्यांना खरा चेंडू दिला. त्यातून 'स्लम सॉकर' उभे राहिले. २०१६ साली या संस्थेला फिफाचा विविधतेसाठीचा पुरस्कार मिळाला. नागराज मंजुळे यांचा २०२२ चा 'झुंड' याच कामावर बेतलेला आहे. बापूसाहेबांच्या जयंतीला नव्हे, बाबासाहेबांच्या जयंतीला नाचणारी पोरे त्यात आहेत, म्हणून आपण तो आवडीने पाहिला. पण वस्तीतली पोरे चेंडूबरोबर शिस्त आणि माणुसकीही शिकली, हे त्या कामाचे खरे सार आहे. ते आपण उचलले पाहिजे.

आम्ही काय केले

आम्ही कारकुनी पेशातले. हिशेबाची वही हाच आमचा आधार. गेल्या वर्षी आम्ही गोलांच्या रकान्याशेजारी 'वागणूक' असा एक रकाना आखला आणि सामन्याआधी दोन्ही वस्त्यांतल्या पोरांना बुद्धविहारात एकत्र बसवले. नियम त्यांनीच सांगितले, आम्ही लिहून घेतले. शिवी दिली तर पाच मिनिटे बाहेर. पंचाशी फक्त कर्णधाराने बोलायचे. (२०२४ च्या युरो स्पर्धेतही हाच नियम होता, हे ऐकून पोरांना मोठा अभिमान वाटला.) पडलेल्या खेळाडूला समोरच्याने हात द्यायचा. सामना संपल्यावर दोन्ही संघांनी आणि पंचानेही एकत्र पाणी प्यायचे.

मोठ्यांसाठी मैदानाच्या कडेपासून पाच पावलांवर सुतळी बांधली. सुतळीच्या आत यायचे नाही. टाळ्या दोन्ही संघांना वाजवायच्या, नाहीतर गप्प राहायचे. आया-बहिणींना आग्रहाने बोलावून सर्वांत पुढे सतरंजीवर बसवले. या एका गोष्टीने निम्म्या शिव्या आपोआप गिळल्या गेल्या.

सगळे सुरळीत झाले असे नाही. एक गृहस्थ सुतळी ओलांडून पंचावर धावून गेले. तेव्हा त्यांच्याच मुलाने खेळ थांबवून त्यांचा हात धरला आणि त्यांना मागे नेले. बापाला राग आला, चार दिवस घरात अबोला होता. पण यंदा तेच गृहस्थ सुतळी बांधायला आले.

भगवान बुद्धांनी अष्टांगिक मार्गात सम्यक वाचेला स्थान दिले. आपण ती विहारात वंदनेच्या वेळी आठवतो. खरी परीक्षा मात्र गोल हुकतो तेव्हा असते. बाबासाहेबांनी समता आणि स्वातंत्र्याच्या जोडीला बंधुता मागितली. ती कायद्याने आणता येत नाही, रोजच्या वागण्यात आणावी लागते.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. पोरगा खेळून घरी आला की आधी "किती गोल झाले?" असे विचारू नका. "कुणाला लागले तर नाही ना? पंचाला जयभीम घातलास का?" असे विचारा. हरून आला तरी त्याला ताटावर बसवा. आणि तुमच्या शेजारी उभा असलेला माणूस शिवी देत असेल तर आमच्यासारखे हसू नका, त्याला तिथल्या तिथे थांबवा.

तो गोलरक्षक पोरगा यंदा परत आला. गोलात उभा राहायला अजून तयार नाही, बचावात खेळला. त्याची आई सतरंजीवर पुढेच बसली होती. सामना आम्ही एका गोलाने हरलो. शिवी एकही ऐकू आली नाही.