बाटलीत बुडवला म्हणजे झालं?

ऑपरेशन थिएटरबाहेर नातेवाइकाच्या हातात बायॉप्सीची बाटली दिली जाते, ‘लॅबमध्ये नेऊन द्या.’ आतलं पाणी म्हणजे तुकडा नासू नये म्हणून घातलेलं औषध, असा त्याचा समज. तो अर्धाच खरा. शरीराबाहेर आलेल्या पेशी स्वतःच्याच एन्झाइम्सनी विरघळू लागतात. बाटलीतलं फॉर्मेलिन, म्हणजे पाण्यात विरघळवलेलं फॉर्मल्डिहाइड, हे थांबवतं, पण प्रथिनांना एकमेकांशी बांधून. तुकडा टिकतो तो असा बदलूनच. १८९३ साली जर्मनीत फर्डिनांड ब्लूम फॉर्मल्डिहाइडची जंतुनाशक म्हणून तपासणी करत असताना त्यांच्या बोटांची कातडीच टणक झाली. शोध लागला तो असा.

‘दहा टक्के फॉर्मेलिन’ या नावानेही भले भले फसतात. मूळ फॉर्मेलिनच ३७ ते ४० टक्के फॉर्मल्डिहाइडचं. त्याच्या एका भागात नऊ भाग पाणी घातलं की प्रत्यक्षात उरतं सुमारे ४ टक्के फॉर्मल्डिहाइड.

सर्वात महागात पडणारा गैरसमज मात्र ‘बुडवला, झालं’ हाच. फॉर्मेलिन तासाला जेमतेम मिलिमीटरभर आत शिरतं, खोल जाताना आणखी रेंगाळतं. अख्खा स्तन न कापता बरणीत कोंबला, तर बाहेरून टणक आणि आतून नासलेला निघतो. म्हणून आधी काप द्यायचे आणि द्रव तुकड्याच्या दहा-वीसपट घ्यायचा. बरं, जास्त दिवस ठेवला म्हणजे जास्त चांगला, असंही नाही. स्तनाच्या कर्करोगात हॉर्मोन रिसेप्टर तपासायचे तर ६ ते ७२ तास ही मर्यादा सांगितलेली आहे.

मग अल्कोहोल फॉर्मेलिनहून ‘शुद्ध’ का? ते पाणी ओढून घेतं, तुकडा आक्रसतो. पण गाउटमधले युरेटचे स्फटिक फॉर्मेलिनच्या पाण्यात विरघळून जातात, तिथे अल्कोहोलच लागतं. कार्नॉय द्रावण झटपट काम करतं, पण चरबी धुऊन नेतं. वृषणाच्या बायॉप्सीत पिवळंधमक बुआँ द्रावण अजून वापरतात. पण त्या तुकड्यातून पुढे डीएनए तपासायचा असेल तर पंचाईत.

किडनी बायॉप्सीला तीन बाटल्या दिल्या की ‘बिल वाढवायला’ अशी कुजबुज होते. फॉर्मेलिनची बाटली नेहमीच्या स्लाइडसाठी, ग्लुटराल्डिहाइडची इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी. तिसरा तुकडा इम्युनोफ्लुओरेसन्सचा; तो मिशेल द्रावणात, किंवा लॅब जवळ असेल तर सलाइनमध्ये जातो. चुकून फॉर्मेलिनमध्ये पडला, तर ती तपासणी नेहमीसारखी करता येत नाही.