नांदेड–हैदराबाद : हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ

लहान शहरे हवाई मार्गाने जोडण्यासाठी केंद्र शासनाने ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘उडान’ ही प्रादेशिक हवाई संपर्क योजना सुरू केली. २७ एप्रिल २०१७ रोजी या योजनेतील पहिल्या विमानसेवांचा शुभारंभ झाला. त्यांत नांदेड–हैदराबाद या मार्गाचा समावेश होता. पहिल्या विमान कंपनीची सेवा पुढे खंडित झाली. तथापि अंतर आणि वेळ यांचा परस्परसंबंध समजून घेण्यासाठी हा मार्ग उत्तम उदाहरण आहे.

अंतर एक, वेळ वेगळा

नांदेड व हैदराबाद येथील विमानतळांमधील सरळ हवाई अंतर सुमारे २४५ किलोमीटर आहे. रेल्वेने हेच अंतर सुमारे २८० किलोमीटर भरते. लहान शहरांच्या मार्गांवर वापरले जाणारे पंख्याचे विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने जाते. या हिशेबाने प्रवास अर्ध्या तासात संपावयास हवा. प्रत्यक्षात वेळापत्रकात सुमारे एक तास धरला जातो.

याचे कारण असे की, विमान जागेवरून हलल्यापासून मुक्कामी उभे राहीपर्यंतचा सर्व काळ वेळापत्रकात मोजला जातो. धावपट्टीपर्यंत जाणे, उड्डाणाची अनुमती मिळणे, उंची गाठणे, मोठ्या विमानतळावर उतरण्यासाठी क्रम लागणे, या सर्वांस वेळ लागतो. शिवाय विमान शक्यतो वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उडते व उतरते. हैदराबादची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे आणि नांदेडहून येणारे विमान उत्तरेकडून येते. त्यामुळे वळसा घेणे अपरिहार्य ठरते.

हा अर्ध्या तासाचा जादा वेळ अंतराच्या प्रमाणात वाढत नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. नांदेड–मुंबई हवाई अंतर सुमारे ४७० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ दुप्पट. परंतु त्याच विमानाने लागणारा वेळ सुमारे दीड तासच होतो. रेल्वेचा प्रवास मात्र सहाशे किलोमीटरहून अधिक पडतो व त्यात कितीतरी अधिक वेळ जातो. अंतर जितके अधिक, तितका विमानाचा लाभ अधिक.

जमिनीवरील प्रवास

विमानतळावर दीड-दोन तास आधी पोहोचावे लागते. हैदराबादचा विमानतळ शहराच्या दक्षिणेस शमशाबाद येथे आहे; तेथून शहरात येण्यासही वेळ लागतो. सर्व मिळून हा प्रवास चार तासांच्या घरात जातो. केवळ हैदराबाद शहर गाठावयाचे असल्यास वेळेची बचत बेताचीच होते. तेथून पुढे दूरच्या शहरी जाणाऱ्या प्रवाशास मात्र हा मार्ग खरा उपयोगी पडतो.

राज्याची जबाबदारी

योजनेच्या आरंभी सुमारे एक तासाच्या प्रवासासाठी ठराविक आसनांचे भाडे २,५०० रुपयांपर्यंत मर्यादित करण्यात आले. त्यामुळे येणाऱ्या तुटीच्या भरपाईत सर्वसाधारण राज्यांचा वाटा २० टक्के ठरला. विमानइंधनावरील करात सवलत तसेच पोलीस व अग्निशमन सेवा पुरविणे, हेही राज्यांकडे आले. अशा मार्गांवर सार्वजनिक पैसा खर्च होत असल्याने त्यांची मागणी करताना नकाशावरील अंतर पुरेसे नाही. गावापासून विमानतळापर्यंतचा रस्ता, एस.टी.ची सोय, पुढील विमानाची वेळ व प्रवाशांची नियमित संख्या यांचा एकत्र विचार झाला पाहिजे. वेळेची खरी बचत घराच्या उंबरठ्यापासून मोजली, तरच ती ग्रामीण जनतेच्या पदरात पडेल.